नवा बॉल पायथन हात पुढे केला की झडप घालतोय, शांत कसा करायचा?

सिडकोचा_सोम्या:

नमस्कार मंडळी. या विभागात कुत्री, मांजरं आणि पोपटांचेच धागे दिसतात, म्हणून जरा भीत भीतच हा काढतोय.

गेल्या आठवड्यात घरी बॉल पायथन (आफ्रिकेतला छोटा अजगर) आणलाय. नर आहे, वर्षाच्या आतला, वजन १८० ग्रॅमच्या आसपास. ओळखीतल्या एकाची परदेशात बदली झाली, त्याच्याकडून घेतला. त्याच्याकडे म्हणे लहान मुलांच्या हातातसुद्धा निवांत बसायचा. माझ्याकडे आल्यापासून वेगळाच अवतार. पाण्याची वाटी बदलायला झाकण उघडलं की मान मागे खेचून इंग्रजी एस करतो, फुस्स करून श्वास सोडतो आणि हात जवळ गेला की झडप. मनगटावर लागलीही आहे. रक्ताचे बारीक ठिपके आले, बाकी काही नाही.

व्यवस्था अशी: दोन फुटी काचेचा टँक, तळाला वर्तमानपत्र, एका बाजूखाली हीट मॅट (विजेवर तापणारी चटई), लपायला नारळाची करवंटी, पाण्याची वाटी. टँक हॉलमध्ये टीव्हीशेजारी आहे, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांची सवय होईल. रोज संध्याकाळी थोडा वेळ हातात घ्यायचा प्रयत्न करतो.

यूट्यूबवर एक जण सांगतो, चावला तरी हात मागे घ्यायचा नाही. दुसरा म्हणतो, महिनाभर हातच लावू नका. आई म्हणते, परत देऊन ये. कोणाचं ऐकू?

पंचवटीकर:

आधी एक सांगा, हे कायद्यात बसतं का? आमच्या गल्लीत एकाने धामण ठेवली होती, तर वनखात्याची गाडी आली होती दारात.

सिडकोचा_सोम्या:

दादा, धामण आपल्याकडची, तिला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. नाग, धामण, दिवड, मांडूळ, आपला अजगर, यातलं काहीही घरात ठेवता येत नाही. बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. तो साइटिस, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी प्राण्यांसाठी कायद्यात वेगळी अनुसूची आली. २०२४ मध्ये नोंदणीचे नियम आले. आधीच्या मालकाने केंद्राच्या परिवेश पोर्टलवर नोंद केली होती, मालक बदलल्याचंही कळवलंय. कागद आहेत सगळे.

पंचवटीकर:

मग ठीक. वाचतोय. (लांबून.)

झुळझुळ:

रुमाल टाकून ठेवते. माझ्याकडे कॉर्न स्नेक आहे, तो शेपटी इतकी थरथरवायचा की खालच्या कागदाचा खुळखुळा व्हायचा.

कात_टाकलेली:

सोम्या, परत देऊ नकोस. आणि संध्याकाळचं ते हातात घेणं आजपासून बंद कर.

तू त्याचा स्वभाव कसा बदलायचा हे विचारतोयस, पण मला तुझ्या टँकचं वर्णन वाचूनच उत्तर दिसलं. बॉल पायथन हा मुळात भित्रा साप. रानात उंदरांच्या जुन्या बिळात, वारुळात दिवस काढणारा. धोका वाटला तर त्याची पहिली निवड असते अंगाचा गोळा करून डोकं मधे खुपसायचं. असा प्राणी उठून झडप घालतोय, याचा अर्थ लपण्याचा पर्याय संपलाय असं त्याला वाटतंय. चारही बाजूंनी काच. करवंटीत डोकं मावतं, अंग बाहेर. शेजारी टीव्ही. सापाच्या कानाचं हाड खालच्या जबड्याला जोडलेलं असतं, जमिनीची थरथर त्याला थेट पोचते. तुमच्या मालिकांची शीर्षकगीतं तो हनुवटीने ऐकतोय.

जुन्या मालकाकडे शांत होता, हेही खरं असणार. तिथला वास, ऊब, अंधार सगळं ओळखीचं होतं. इथे एका दिवसात सगळंच नवं, आणि वर रोज एक मोठा गरम पंजा आत येतो.

म्हणून आधी खोली, मग हात. टँक टीव्हीपासून हलव, कमी वर्दळीच्या खोलीत, जमिनीवर नको, टेबलावर ठेव. तीन बाजूंना बाहेरून ब्राऊन पेपर चिकटव. लपायला दोन जागा हव्यात, अगदी सारख्या, एक गरम बाजूला आणि एक गार बाजूला. एकच असेल तर त्याला ऊब हवी की आडोसा, यातलं एक निवडावं लागतं, आणि बिचारा आडोसा निवडतो, मग थंड पडतो. मातीची छोटी कुंडी उलटी करून काठाला दार पाडलेलं चालतं, कड मात्र घासून गुळगुळीत कर. आत शिरल्यावर दोन्ही बाजूंनी अंगाला भिंत लागली पाहिजे. माणसाला हे अडचणीचं वाटतं, त्याला तेच हवंय. मधली मोकळी जागा प्लास्टिकची पानं, पुठ्ठ्याचे रोल, काहीही टाकून भरून काढ. वर्तमानपत्राऐवजी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घाल. नाशिकमध्ये त्याची काय टंचाई, पॉलीहाऊसवाल्यांमुळे कुठल्याही नर्सरीत मिळतं. खत मिसळलेलं घेऊ नकोस, साधी वीट आण आणि भिजवून, पिळून वापर.

हे झाल्यावर निदान आठवडाभर फक्त पाणी बदलायचं. बोलायचं नाही, डोकावायचं नाही, पाहुण्यांना दाखवायचं नाही. मग खायला दे. लागोपाठ दोन-तीन वेळा न कुरकुरता खाल्लं, की हँडलिंगचा, म्हणजे हातात घेण्याचा, विषय काढू.

देवळाली_कॅम्प:

ताईंशी असहमत नाही, पण आठवडे वाट बघत बसलं तर साप रानटीच राहतो. माझा अनुभव सांगतो: जाड चामडी हातमोजे घाला, बिनधास्त उचला, चावला तर चावू द्या. आपण हात झटकला की त्याला कळतं की झडप घातली की माणूस पळतो. पुढच्या वेळी तो आणखी लवकर घालतो. माझा असाच सरळ केला.

कात_टाकलेली:

देवळाली, हात झटकल्याने सवय लागते हे शंभर टक्के खरं. पण त्यावर मार खात बसणं हा उपाय नाही. हातमोज्यातून तुम्हाला त्याच्या अंगाचा ताण कळत नाही, आणि आपण किती दाबतोय हेही कळत नाही.

झडपेच्या आधी तो भरपूर सूचना देतो. पहिली सूचना म्हणजे जीभ थांबते. मग मान मागे जाते, एस होतो. श्वास मोठा होतो, बरगड्या फुगलेल्या दिसतात. एस दिसला की हात तिथेच थांबवायचा. पुढे नाही, मागेही नाही. थोड्या वेळाने मान सैल पडते आणि जीभ पुन्हा निघायला लागते, लांब आणि सावकाश, वर-खाली हलणारी. तेव्हा हात हळूच बाहेर काढायचा. म्हणजे तो काय शिकला? झडप न घालताही माणूस जातो.

आणि ‘सरळ केला’ याबद्दल. उचलल्यावर दगडासारखा स्तब्ध झालेला साप शांत असतोच असं नाही. अंग ताठ, जीभ बंद, बोट दिसलं की डोकं झटकन मागे, हा घाबरून गोठलेला साप. शांत साप हातावरून सावकाश सरकतो, पकड सैल असते, वाटेत येईल त्याचा वास घेतो. तुमचा यातला कोणता, ते तुम्हीच बघा.

देवळाली_कॅम्प:

बघतो. डोकं मागे घेतो खरा अजूनही.

डॉ_शेपूटवाले:

जनावरांचा डॉक्टर आहे, त्यामुळे माझे प्रश्न वेगळे.

हीट मॅटला थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला मॅट बंद करणारं यंत्र) आहे का? सोम्याने लिहिलेलं नाही, म्हणून धरून चालतो की नाही. थर्मोस्टॅटशिवाय मॅटचा पृष्ठभाग ४५ अंशांच्या वर सहज जातो, आणि साप पोट भाजत असतानाही तिथून उठत नाहीत. नंतर कोणी हात लावला की चिडणारच. पोटाचे खवले बघा: गुलाबी, तपकिरी किंवा फोड आल्यासारखे दिसले तर आणा.

गरम जागा ३१-३२ अंश, गार बाजू २५ ते २७, आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास. काचेला चिकटवायचा गोल काटा असतो तो नको, वायरच्या टोकाला सेन्सर असलेला डिजिटल घ्या. सध्या पाऊस आहे, नाशिकची हवा दमट आहे, पण उबेची जागा नसेल तर पंचवीस अंशांच्या खोलीत त्याला अन्न नीट पचवता येत नाही.

डोळे निळसर-दुधाळ दिसतात का? मग कात येणार आहे, दिसत कमी असतं, त्या काळात बरेच साप खुनशी होतात. कात पडेपर्यंत हात नको. सतत पाण्याच्या वाटीत बसून राहतोय का? डोळ्यांच्या कडेला, हनुवटीखाली खसखशीएवढे काळे ठिपके? ते माइट्स, रक्त पिणारे बारीक किडे. श्वासाला शिट्टीसारखा आवाज, तोंडाशी बुडबुडे, तोंड उघडं ठेवून मान वर? छातीचा संसर्ग. यातलं काही असेल तर माणसाळवण्याच्या युक्त्या नंतर. आणि डॉक्टर शोधताना आधी फोन करून विचारा, सरपटणारे प्राणी सगळेच बघत नाहीत.

गोदाकाठचे_नाना:

आमच्या लहानपणी नागपंचमीला गारुडी यायचे, त्यांचे नाग गरीब गायीसारखे. वाटीभर दूध प्यायचे. तुम्ही दूध देऊन बघितलंत का?

झुळझुळ:

नाना, साप दूध पीत नाहीत हो. त्या नागांना आधी कित्येक दिवस पाण्यावाचून ठेवायचे, मग ते समोर येईल ते पाणी समजून प्यायचे. आणि गरीब होते कारण दात काढलेले, कधीकधी तोंड शिवलेलं असायचं. दुधाने बऱ्याचदा मरायचेसुद्धा.

गोदाकाठचे_नाना:

अरेरे. हे माहीत नव्हतं. चालू द्या.

निफाडी_बागाईतदार:

मंडळी, थोडं अवांतर पण घाईचं आहे. आमच्या द्राक्षबागेत काल ठिबकच्या नळ्या आवरताना पोरांना अजगराचं पिल्लू सापडलं. वीतभरापेक्षा थोडं मोठं, अंगावर गोल गोल चॉकलेटी ठिपके. बरणीत ठेवलंय. लहान असलं तरी कुकरच्या शिट्टीसारखं फुसफुसतंय. या धाग्यातल्यासारखं शांत करता येईल का? पोरगं मागे लागलंय पाळू म्हणून.

कात_टाकलेली:

थांबा. बरणीला हात लावू नका, झाकण उघडू नका, पोराला त्या खोलीतून बाहेर काढा.

वीतभर अजगर नसतो. अजगराचं अंड्यातून नुकतं निघालेलं पिल्लूही हातभर असतं. तुम्ही सांगताय ती मला घोणस वाटतेय. घोणस पिल्लंच घालते, एका वेळी वीस-पंचवीससुद्धा, आणि तिची पिल्लं निघण्याचे दिवस हेच. ठिपक्यांना काळी किनार आहे का, तीन रांगा साखळीसारख्या पाठीवरून गेल्यात का, डोकं त्रिकोणी आणि मान बारीक आहे का? बघायचं ते लांबूनच. पिल्लाला पहिल्या दिवसापासून विष असतं.

आत्ता १९२६ ला फोन लावा, वनखात्याची हेल्पलाइन आहे. किंवा निफाडचा ओळखीचा नोंदणीकृत सर्पमित्र. कोणाला चावली असेल तर मांत्रिक नाही, चिरा नाही, दोरी नाही, सरळ सिव्हिलला. प्रतिसर्पविष घोणशीवर चालतं. आणि बागेत बाकीची पिल्लं असू शकतात, मजुरांना गमबूट द्या.

निफाडी_बागाईतदार:

सर्पमित्र येऊन गेले. घोणसच निघाली. बांधावर अजून दोन मिळाली. पोरगं गप्प आहे. ताई, आभारी आहे.

पंचवटीकर:

वाचूनच पाय वर घेतले सोफ्यावर.

सिडकोचा_सोम्या:

निफाडीभाऊ, थोडक्यात वाचलात.

माझा हालहवाल: टँक आता माझ्या खोलीत आहे, तीन बाजू झाकल्या, दोन सारख्या कुंड्या, कोकोपीट, थर्मोस्टॅट. पोट स्वच्छ आहे, डोळेही काळे. कुंडीत जो शिरला तो दोन दिवस नाकाशिवाय काही दिसलं नाही. मग काल रात्री फ्रोझन उंदीर दिला, तिसऱ्या मिनिटाला घेतला!

आता हँडलिंग कसं सुरू करू?

कात_टाकलेली:

छान. आधी म्हटलं तसं लागोपाठ दोन-तीन वेळा खाऊ दे, मग सुरू कर. उंदीर बर्फातून काढून कोमट पाण्यात ३८ अंशांपर्यंत आणतोस ना? त्याच्या ओठांवर उष्णता ओळखणारे खळगे असतात, गार उंदीर त्याला दगडासारखा. लांब चिमट्यानेच दे, बोटांनी नाही. जिवंत तर कधीच नको, उंदीर उलटून सापालाच कुरतडतो. घरातल्या पालीही नकोत, त्यातून जंत येतात.

खाल्ल्यावर ४८ तास हात नाही, नाहीतर ओकून टाकेल.

हँडलिंग दिवसा कर. हा निशाचर आहे, अंधार पडला की शिकारीच्या तयारीत असतो, आणि तू नेमका संध्याकाळी जायचास. दोन्ही झडपांमधला फरक लक्षात ठेव: भीतीची झडप चावून लगेच सोडते, भुकेची धरून वेटोळं घालते. दुसरी टाळण्यासाठी हात साबणाने धू. घरात सुकट भाजली असेल तर त्या दिवशी सुट्टी घे.

झाकण उघडल्यावर लगेच हात नाही. कागदाच्या गुंडाळीने किंवा साप उचलायच्या हुकने अंगाच्या मधल्या भागाला हळू स्पर्श कर, डोक्याकडे नाही. दोन-तीन वेळा. हा त्याला निरोप: आता जेवण नाही, माणूस येतोय. रोज तोच निरोप, तसाच. मग बाजूने हात ने, वरून कधी नाही, वरून येतं ते त्याच्या लेखी घार. मधून उचल, सगळं वजन तळहातांवर, डोकं मोकळं. सुरुवातीला पाच मिनिटं पुरे, आणि तो अस्वस्थ होण्याआधी परत ठेव. आठवड्यातून दोन-तीनदा, जास्त नाही.

परत ठेवताना टाकू नकोस. कुंडीच्या दाराशी हात टेकव आणि त्याला आपणहून आत जाऊ दे.

झुळझुळ:

माझी एक भर: वापरलेला टी-शर्ट आत ठेवला तर आपल्या वासाची सवय होते म्हणतात.

कात_टाकलेली:

मी नाही ठेवत. साबण-घामाचा कपडा त्याच्या एकमेव सुरक्षित जागेत कशाला? वासाची सवय हातातच होईल. पण ज्यांना फरक पडला त्यांच्याशी भांडणार नाही.

डॉ_शेपूटवाले:

चावून धरून ठेवलं तर ओढू नका. दात सुईसारखे आणि आत वळलेले असतात, ओढलं की तुमची कातडी फाटते आणि त्याचे दात तुटतात. थंड पाण्याच्या धारेखाली धरा, सोडतो. मग साबण-पाणी, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय ते आठवा. साप हाताळल्यावरही हात धुवा, साल्मोनेला (पोट बिघडवणारा जिवाणू) असू शकतो. त्याची वाटी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायची नाही.

सिडकोचा_सोम्या:

हा शेवटचा मुद्दा आईने माझ्याआधी वाचला. वाटीला बाथरूममध्ये वेगळी जागा मिळाली आहे.

पंचवटीकर:

हे जनावर जगतं किती?

झुळझुळ:

नीट सांभाळलं तर वीस-तीस वर्षं. सोम्याला लग्नाच्या बायोडेटात लिहावं लागणार.

सिडकोचा_सोम्या:

महिन्याभराने परत आलोय. दर आठवड्याला खातोय, एकदा कात टाकली, अख्खी निघाली, डोळ्यांच्या टोप्यांसकट. कागदाच्या गुंडाळीने स्पर्श केला की आता डोकं माझ्याकडे वळवतो, जीभ काढतो. उचलताना क्वचित अजून एस करतो, पण मी थांबलो की सोडून देतो. झडप बऱ्याच दिवसांत नाही. आईने अजून हात लावलेला नाही, पण काल दारातून विचारलं, ‘जेवला का रे तो?’

एक शंका: डिसेंबरात आपल्याकडे पारा दहाच्या खाली जातो. मॅट पुरेल का?

निफाडी_बागाईतदार:

आमच्याकडे तर पाच-सहावर येतो. बागेत शेकोट्या पेटवतो आम्ही.

कात_टाकलेली:

मॅट फक्त तळ तापवते, हवा नाही. वरून सिरॅमिक हीटर लाव, तोही थर्मोस्टॅटवर. मागे आणि बाजूंना ब्राऊन पेपरच्या बाहेरून थर्मोकोलच्या शीट बसव, वर झाकणाचा काही भाग झाक पण हवा खेळती ठेव. सिरॅमिकने हवा कोरडी पडते, म्हणून गार बाजूच्या कुंडीत ओलसर कोकोपीट ठेव. वीज गेली तर इन्व्हर्टरवर फक्त मॅट चालू ठेव, आणि लांबली तर बाटलीत गरम पाणी भरून, टॉवेलमध्ये गुंडाळून टँकच्या बाहेरून टेकव. थंडीत खाणं सोडलं तर घाबरू नकोस, नर सोडतात. दर आठवड्याला किचनच्या काट्यावर वजन कर, घसरायला लागलं तर डॉक्टरांना कळव.

आणि सिरॅमिकला जाळी लाव, नाहीतर तो वर चढून त्यालाच विळखा घालेल.